फॅदम म्हणजे नेमकं किती, आणि तो शब्द आला कुठून?

अक्षरवेल

मुंबई बंदराबद्दलचा जुना इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘फॅदम’ हा शब्द दर पानाला भेटतो. कोशात ‘सहा फूट खोलीचं माप’ असं मिळतं आणि बहुतेक अनुवादक तेवढ्यावर थांबतात. पण तोच शब्द क्रियापद म्हणूनही येतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘समजणे, तळ लागणे’ असा होतो. सहा फुटांचं माप आणि समजणं एका शब्दात कसं आलं? मराठीत मापासाठी नेमका कोणता शब्द घ्यावा? फॅदम असंच ठेवावं, मीटर करून टाकावेत, की आपला एखादा शब्द आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

शब्दमूळ

आधी एक गैरसमज दूर करू. फॅदम हा मुळात खोलीचा शब्दच नाही.

जुन्या इंग्रजीत ‘फॅद्म’ म्हणजे पसरलेले दोन हात, मिठी, छाती. त्याचं क्रियापद ‘मिठीत घेणे, वेढणे’ या अर्थाने वापरत. दोन्ही हात बाजूला ताणले की एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जे अंतर भरतं, ते फॅदम. दोर मोजायला याहून सोपं माप नाही, कारण मोजपट्टी अंगालाच आहे. दोराने पाण्याची खोली मोजत, म्हणून दोराचं माप पाण्याला लागलं. सतराव्या शतकात ‘फॅदम करणे’ म्हणजे दोर सोडून तळ शोधणे, आणि त्यावरून एखाद्या गोष्टीचा किंवा माणसाचा तळ गाठणे, म्हणजेच समजणे. हात पसरणे, दोर मोजणे, पाणी मोजणे, मन मोजणे असा हा प्रवास आहे.

शेजारच्या भाषांत जुना अर्थ अजून जिवंत आहे. स्वीडिशमधला ‘फाम्न’ आज मिठीलाही चालतो आणि मापालाही. जर्मनमध्ये ‘फाडन’ म्हणजे धागा. पूर्वी ते मापही होतं.

याच्या मागचं भारोपीय (म्हणजे युरोपातल्या आणि उत्तर भारतातल्या बहुतेक भाषांच्या समान पूर्वजभाषेतलं) मूळ ‘पसरणे’ या अर्थाचं आहे. लॅटिनमधलं ‘पान्देरे’ म्हणजे पसरणं आणि ‘पातेरे’ म्हणजे उघडं असणं, ही त्याच मुळाची. त्यांतून इंग्रजीत एक्सपांड आणि पेटंट आले (पेटंट म्हणजे उघडं पत्र). ग्रीकमधून आलेला पेटल, म्हणजे फुलाची पाकळी, हाही याच कुळातला. फॅदम आणि पाकळी ही भावंडं आहेत, हे लक्षात ठेवलं की शब्दातली मूळ हालचाल विसरायला होत नाही: आधी पसरणं, मग कवेत घेणं.

खाडीकाठ

अक्षरवेल ताई, मराठी शब्द आहे आणि मुंबईतच रोजच्या वापरात आहे: वाव. कोळीवाड्यांत जाळ्याचा दोर आणि पाण्याची खोली वावात सांगतात. ‘दहा वाव पाणी’ म्हटलं की तांडेलाला मीटर करून सांगावं लागत नाही. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशातही ‘वांव’चा अर्थ फॅदमच दिलेला आहे.

वाव कसा भरतात ते नीट लिहितो, कारण चुका इथेच होतात.

दोराचं टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरायचं. उजव्या हाताने दोर छातीवरून आडवा ओढत हात खांद्याच्या रेषेत पूर्ण ताणायचे, कोपर वाकवायचं नाही. उजव्या चिमटीतली जागा सोडायची नाही. ती डाव्या हातात घेतली की दुसरा वाव सुरू. दर पाच वावांना खूण बांधायची.

चूक पहिली: मोजता मोजता हात थकतात आणि पुढे झुकतात. हात छातीच्या पुढे आले की वाव आखूड होतो. पहिले पाच वाव बरोबर आणि शेवटचे पाच आखूड, असा दोर तयार होतो.

चूक दुसरी: आपला वाव म्हणजे फॅदम असं धरून चालणं. हातांचा पसारा साधारण उंचीइतका असतो. साडेपाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेल्या माणसाचा वाव सुमारे १.६५ मीटर भरेल. इंग्रजी फॅदम सहा फूट, म्हणजे १.८२८८ मीटर. दहा वावांना १६.५ मीटर आणि दहा फॅदमना १८.३ मीटर. तब्बल एका फॅदमचा फरक पडला, आणि तोही धोक्याच्या बाजूने: आखूड हाताने मोजलेले ‘दहा’ नकाशावरचे दहा समजलात, तर प्रत्यक्षात पाणी कमी आहे.

उपाय सोपा. भिंतीला पाठ लावून हात पसरायचे, दोन्ही टोकांना खूण करायची आणि टेपने एकदाच अंतर घ्यायचं. तो आपला आकडा. वाव मोजून झाले की त्याने गुणायचं.

शब्दमूळ

खाडीकाठ यांनी अगदी योग्य शब्द पुढे ठेवला. आता वावची वंशावळ.

संस्कृतात ‘व्याम’. अमरकोशाने व्याख्या केली आहे ती अशी: पंजांसह आडवे पसरलेल्या दोन बाहूंमधलं अंतर. व्यामचा वाव कसा झाला? शब्दाच्या सुरुवातीच्या ‘व्य’चा ‘व’ होतो, जसा व्याघ्रचा वाघ. शेवटच्या ‘म’चा ‘ंव’ होतो आणि पुढे अनुस्वार गळतो, जसं ग्राम-गांव-गाव, नाम-नांव-नाव. म्हणून व्याम-वांव-वाव. दोन्ही बदल मराठीत इतके नियमित आहेत की शंकेला जागा उरत नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापांच्या प्रकरणात व्याम ८४ अंगुळांचा सांगितला आहे, आणि तो कशासाठी वापरायचा हेही लिहिलं आहे: दोर मोजायला आणि खणलेल्या खड्ड्याची खोली मोजायला. अंगुळ पाऊण इंच धरला तर ८४ अंगुळं ६३ इंच होतात, म्हणजे १.६ मीटर. वर दिलेल्या १.६५च्या जवळच. माप अंगाचं असलं की ते अंगाजवळच राहतं. इंग्लंडमध्ये कायद्याने ते दोन यार्डांना बांधलं गेलं आणि शरीरापासून सुटलं.

यज्ञवेदी आखण्याच्या शुल्बसूत्रांत ‘व्यायाम’ हेही एका मापाचं नाव आहे. वि + आ + यम्, म्हणजे ताणून पसरणं. आखाड्यातला व्यायाम त्याच धातूचा.

एक सावधगिरी: फॅदम आणि व्याम यांची मुळं वेगळी आहेत. एकीकडे ‘पसरणे’चा धातू, दुसरीकडे ‘यम्’. उगम एक नाही, शरीर एक आहे. जपानी ‘हिरो’, स्पॅनिश ‘ब्रासा’, फ्रेंच ‘ब्रास’ ही सगळी दोन हातांचीच मापं. कोणी कोणाकडून उसनं घ्यायची गरजच नव्हती.

मातीचाकण

मग विहिरीचा ‘परस’ म्हणजेच वाव का? देशावर ‘सहा परस विहीर’ म्हणतात.

आणि गुजरातीतली वाव?

शब्दमूळ

परस वेगळा. तो ‘पुरुष’वरून आला आणि त्यात हात वर असतात. अमरकोशात व्यामच्या लगेच पुढे हे माप येतं: हात वर करून उभ्या माणसाची उंची. उभा परस हात वर केल्यामुळे आडव्या वावापेक्षा मोठा भरतो. कौटिल्याने मात्र खणण्याचा ‘पौरुष’ व्यामाइतकाच धरला आहे, त्यामुळे जुन्या लेखात परस दिसला तर तो कोणत्या हिशेबाचा हे संदर्भावरून ठरवावं लागतं. अनुवादात विहिरीला परस, समुद्राला वाव. अदलाबदल करू नये.

गुजरातेतली वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर, ती ‘वापी’वरून आली. तिचा मापाशी संबंध नाही. तसंच ‘संधीला वाव’ यातल्या वावशीही उच्चार सारखा म्हणून नातं जोडू नका. सारखा उच्चार हा व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही.

नकाशेवाचक

नकाशांच्या बाजूने लिहितो, कारण फॅदमने आज नुकसान होतं ते इथे.

ब्रिटिश नौकानयन नकाशे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून मीटरमध्ये बदलू लागले. त्याआधीचे फॅदम आणि फुटांत. दोन्हींत आकडा लिहायची पद्धत सारखीच दिसते: मोठा आकडा आणि त्याच्या पायाशी बारीक आकडा. समजा मोठा ३ आणि पायाशी बारीक २ आहे. जुन्या नकाशात त्याचा अर्थ ३ फॅदम २ फूट, म्हणजे २० फूट, म्हणजे ६.१ मीटर. नव्या नकाशात ३.२ मीटर. मीटरच्या नकाशाला फॅदम समजून वाचलं, तर पाण्यात चार मीटर खोल बसणारी बोट ‘खाली दोन मीटर मोकळे आहेत’ या विश्वासात गाळात रुतते.

ओळखायचं कसं? नकाशाच्या नावाखाली एकक लिहिलेलं असतं, ते आधी वाचावं. जुन्या फॅदमच्या नकाशात जमीन करड्या रंगाची, मीटरच्या नकाशात पिवळसर. फोटोकॉपीत रंग जातो, म्हणून फोटोकॉपीवर कधीही विसंबू नये.

तोंडी हिशेबाची युक्ती: फॅदमची दुप्पट करा आणि आलेल्या संख्येचा बारावा हिस्सा वजा करा. १२ फॅदम: २४ वजा २, म्हणजे २२ मीटर. खरा आकडा २१.९५. एवढी अचूकता पुरते.

अंदाज यावा म्हणून: बॉम्बे हायजवळ पाणी साधारण ७५ मीटर, म्हणजे ४१ फॅदम. मुंबईसमोरचा खंडाचा उथळ मंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. जुन्या नकाशांवर मंचाची कड ‘शंभर फॅदमची रेषा’ म्हणून वाचतात, म्हणजे १८३ मीटर.

मातीचाकण

पावसाळ्यात बातम्यांत ‘४.८ मीटर उंच लाटा’ असं येतं, ते याच खोलीत मिळवायचं का?

नकाशेवाचक

मिळवायचं तेच, पण ती लाट नव्हे. तो भरतीच्या पाण्याचा स्तर आहे, नकाशाच्या शून्य पातळीपासून मोजलेला. ही पातळी नीचतम ओहोटीच्या आसपास धरतात. नकाशावर ३.२ मीटर आणि त्या वेळची भरती ४.८ मीटर, तर तिथे एकूण ८ मीटर पाणी. लाटा त्यावर आणखी वेगळ्या. वारा पडलेल्या दिवशीही ४.८ची भरती येते आणि समुद्र सपाट असतो. ‘लाटा’ हा शब्द तिथे सरळ चुकीचा आहे, आणि त्यामुळे लोक खऱ्या धोक्याकडे बघत नाहीत. खरा धोका हा की त्या वेळी शहरातलं पावसाचं पाणी समुद्रात उतरत नाही.

भरती सारख्या वेगाने चढत नाही हेही लक्षात घ्या. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग पाडले तर सहा तासांत ते तासागणिक १, २, ३, ३, २, १ भाग असं चढतं. चार मीटरचं उधाण असेल तर पहिल्या तासात ३३ सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी एक मीटर, म्हणजे अर्ध्या फॅदमहून जास्त. भांगेच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, हाच हिशेब लहान आकड्यांनी.

खाडीकाठ

नांगराचंही याच हिशेबात बसतं. दोरावरचा नांगर धरायला खोलीच्या किमान पाचपट दोर सोडावा, आणि खोली धरताना नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यावरची उंची मिळवावी. ओहोटीला पाच मीटर पाणी, एक मीटर नाळ, एकूण सहा. म्हणून तीस मीटर दोर सोडला. सहा तासांनी उधाणाचे चार मीटर चढले: आता दहा मीटरला तीस मीटर दोर, म्हणजे तिप्पट. दोर उभा होतो, नांगराला आडवा ओढण्याऐवजी वर उचलतो आणि चिखलातून नांगर सुटतो. हिशेब भरतीच्या पाण्यावर करायचा: दहाच्या पाचपट पन्नास मीटर, म्हणजे फॅदमने सव्वासत्तावीस, आणि १.६५च्या हातांनी मोजलं तर तीस वाव.

शिसेदोर

दोराने खोली घ्यायच्या पद्धतीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून भर घालतो. फॅदम शब्दाचं अर्धं आयुष्य या दोरावर गेलं आहे.

हाती टाकायचं शिशाचं वजन ७ ते १४ पौंडांचं, म्हणजे ३.२ ते ६.४ किलो. दोर सुमारे २५ फॅदमचा. दोरावर प्रत्येक फॅदमला खूण नसते, ठरावीक ठिकाणीच असते. २ वर चामड्याच्या दोन पट्ट्या, ३ वर तीन. ५ वर पांढरं सुती कापड, ७ वर निशाणाचं लाल कापड, १० वर भोक पाडलेला चामड्याचा तुकडा, १३ वर निळं लोकरी कापड. १५ पुन्हा पांढरं, १७ पुन्हा लाल, २० वर दोन गाठींची दोरी. रंग दिवसासाठी, पोत रात्रीसाठी: सुती, निशाणाचं आणि लोकरी कापड अंधारात बोटांनी किंवा ओठांनी ओळखता येतं. पाच आणि पंधरा सारखे असले तरी घोटाळा होत नाही, कारण दहा फॅदम दोर जास्त गेला हे हाताला कळतंच.

खूण असलेल्या फॅदमला ‘मार्क’ आणि खूण नसलेल्याला ‘डीप’ म्हणत. पाण्याच्या रेषेवर सातची लाल खूण दिसली की दोर टाकणारा हाक देई: ‘बाय द मार्क सेव्हन’. आठला खूण नाही, तो अंदाजाने, म्हणून ‘बाय द डीप एट’. इथे ‘डीप’चा अर्थ ‘खोल’ असा लावून अनुवाद केला तर सगळा घोळ होतो. त्याचा अर्थ ‘बिनखुणेचा फॅदम’ एवढाच. आणि ‘क्वार्टर लेस एट’ला मराठीत वेगळं काही शोधायची गरज नाही: पावणेआठ. ‘अँड अ हाफ सेव्हन’ साडेसात. सव्वा, साडे, पावणे हे शब्द या हाकांसाठीच घडवल्यासारखे बसतात.

मोजणी कुठे चुकते:

नवा सुती किंवा तागाचा दोर कोरडा असताना खुणा बांधल्या, तर भिजल्यावर दोर आटतो, खुणा जवळ येतात आणि पाणी आहे त्याहून खोल वाटतं. म्हणून दोर आधी भिजवून, ताणून मगच खुणा बांधायच्या. उलट, जुना दोर ताणून लांबला असेल तर खोली कमी दिसते. तीही चूकच, पण जहाज वाचवणारी.

जहाज पुढे सरकत असेल तर शिसं पुढच्या बाजूला लांब फेकायचं, म्हणजे ते तळाला टेकेपर्यंत जहाज त्याच्या वर येतं आणि दोर उभा राहतो. दोर तिरका राहिला तर आकडा फुगतो. उभ्या रेषेपासून ३० अंश तिरक्या दोरावर दहा फॅदम वाचले, तर खरे ८.७.

रात्री पाण्याची रेषा दिसत नाही, खूण हातापाशी वाचावी लागते. तेव्हा हाताची पाण्यावरची उंची वजा करायची. हे राहून गेलं की दर हाकेत दीड-दोन फॅदम जास्त.

शिशाच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरतात. तळाचा चिखल, वाळू, शिंपल्याचे तुकडे तिला चिकटून येतात. खडक असेल तर काहीच चिकटत नाही, चरबीवर नुसता ठसा उमटतो. म्हणजे एकाच फेकीत खोलीही कळते आणि नांगर धरेल का तेही.

नकाशेवाचक

शिसेदोर, फार उपयोगी माहिती. मुंबई बंदरापुरती एक जोड: इथला तळ मऊ चिखलाचा. शिसं त्यात शिरतं आणि खोली जास्त येते. ध्वनीच्या यंत्रालाही हाच प्रश्न सतावतो. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी पातळ चिखलाच्या वरच्या थरावरूनच परततो. ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा त्याच्या आत जाऊन घट्ट थरावरून परततो. गाळ काढलेल्या मार्गात म्हणूनच दोन्ही वारंवारतांनी मोजतात.

यंत्र ‘फॅदम’वर लावलंय की मीटरवर, तेही तपासावं. बऱ्याच फिश फाइंडरांच्या मेनूत मीटर, फूट, फॅदम यांच्याबरोबर जपानी हिरो आणि पास्सी-ब्रासाही असतात. वर शब्दमूळ यांनी सांगितलेली दोन हातांची मापं, आज काचेच्या पडद्यावर. ब्रासा सुमारे १.६७ मीटर आहे. फॅदमऐवजी चुकून तो निवडला गेला तर दर दहाला दीड मीटरहून जास्त चूक होते.

अक्षरवेल

सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट राहिली. खोली मोजण्याला इंग्रजीत ‘साउंडिंग’ म्हणतात, ते ध्वनीवरूनच ना?

शब्दमूळ

नाही. ते फ्रेंच ‘सोंदे’वरून, म्हणजे तळ चाचपणं. आवाजाचा ‘साउंड’ लॅटिन ‘सोनुस’वरून, आपल्या ‘स्वन’चा नातलग. दोन वेगळे शब्द इंग्रजीत येऊन एकसारखे झाले, आणि पुढे ध्वनीने खोली मोजायचं यंत्र निघाल्यावर लोकांना ते एकच वाटू लागले.

बुडाचाही एक शब्द सांगतो, कारण तो आपल्या पंचांगात आहे. इंग्रजी ‘प्रोफाउंड’मधला ‘फुंडुस’, इंग्रजी ‘बॉटम’ आणि संस्कृत ‘बुध्न’ ही तिन्ही एकाच मुळाची, अर्थ तळ. उत्तरा भाद्रपदेची देवता अहिर्बुध्न्य, म्हणजे तळातला सर्प.

आता क्रियापदाकडे. ‘फॅदम’चं काम मराठीत तीन शब्दांत वाटलेलं आहे आणि तिन्ही वेगळे ठेवावेत असं मला ठामपणे वाटतं. मिठीसाठी कव: कवेत न मावणारं झाड. मापासाठी वाव. तळ लागण्यासाठी थांग किंवा ठाव: मनाचा थांग लागत नाही. इंग्रजी क्रियापदाला ‘आकलन होणे’ चालतं, पण त्यात पाणी राहत नाही. समुद्राच्या मजकुरात थांगच हवा. ‘अनफॅदमेबल’ला अथांग किंवा अगाध. ‘गाध’ म्हणजे पाय टेकतील इतकं पाणी, अगाध म्हणजे जिथे टेकत नाहीत. ‘अगाध ज्ञान’ लिहितानाही शब्द त्या पाण्यातच उभा असतो.

खाडीकाठ

ताई, अनुवादात वाव घ्याच, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘इंग्रजी वाव, सहा फुटांचा’ असं लिहा. नुसतं ‘दहा वाव’ लिहिलंत तर कोळीवाड्यातला वाचक ते स्वतःच्या हातांनी मोजेल आणि १८ मीटरच्या जागी १६ धरेल.

अक्षरवेल

तसंच करते. नांगराच्या साखळीच्या लांबीचा उल्लेख आहे तिथेही: एक शॅकल म्हणजे १५ फॅदम, म्हणून ‘पंधरा इंग्रजी वाव, सुमारे साडेसत्तावीस मीटर’. खोलीच्या हाका सव्वा-साडे-पावणेत.